सोमरीबाई पळाल्याचा फोन

स्लोव्हेनियात गेलात तर नुसता चहा मागू नका. तिथंही चहाला 'चाय'च म्हणतात, म्हणून आपला माणूस खूश होतो, ऐटीत बोट वर करून 'चाय' म्हणतो, आणि समोर येतं लाल पाणी. सुकवलेल्या फळांचं. त्यात ना दूध, ना आलं. मग तो माणूस चंद्रपूरला परत येऊन माझ्या दुकानाच्या पायरीवरून मलाच बोलतो, "आपा, कोणत्या देशात पाठवलं तुम्ही? चहा बी येत नाई त्यांले." काळा चहा हवा असं सांगायचं. दूध वेगळं मागायचं. थंडच देतात, ते ओतायचं आणि गुमान प्यायचं. ही झाली एक टीप.

संपादक भाऊंना अशाच हव्या आहेत. त्यांनी फोनवर सांगितलं, "आपा, तुम्ही एवढ्या लोकांना बाहेरदेशी पाठवलं, एकदा स्वतःही जाऊन आल्या. छोट्या देशाच्या प्रवासाच्या कामाच्या गोष्टी लिहा. दिवाळी आहे, हलकंफुलकं असू द्या." मी हो म्हटलं. पण लिहायला बसले की राग येतो. स्लोव्हेनिया म्हटलं की मला तिथली तळी न् डोंगर आधी आठवत नाहीत, एक फोन आठवतो. त्यामुळे टिपा देते, पण फोनाची गोष्ट ऐकावी लागेल. हलकंफुलकं दुसऱ्या पानावर कोणीतरी लिहिलंच असेल.

मी कोण, तर रजिया. चंद्रपुरात सासऱ्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या एका कोपऱ्यात मी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांचे हजचे अर्ज भरून द्यायला सुरुवात केली. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी शिकले ती विमान कंपन्यांच्या वेळापत्रकांवरून, त्यामुळे माझ्या इंग्रजीत आगमन आणि निर्गमन तेवढं पक्कं, मधलं सगळं हातवाऱ्यांवर. पुढं घड्याळं बंद पडली आणि कोपऱ्यानं सगळं दुकान खाल्लं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट. या धंद्यात नसलेल्यांसाठी सांगते: पासपोर्ट म्हणजे तुमच्या सरकारनं दिलेली तुमची ओळख. व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहून मागितलेली परवानगी. आणि दलाल म्हणजे मी, जिला दोन्हीकडून बोलणी बसतात.

त्या वर्षांत स्लोव्हेनियाचं चलन वेगळं होतं, टोलार म्हणायचे, युरो नंतर आला. आपल्याकडून थेट विमान नाही. व्हिएन्नाला उतरायचं आणि तिथून बसनं जायचं. आता व्हिएन्ना पडतं ऑस्ट्रियात. म्हणजे स्लोव्हेनियाचा व्हिसा असून भागायचं नाही, वाटेतल्या देशाचाही शिक्का लागायचा. मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपन्या चकचकीत पुस्तिका छापायच्या, त्यात तळ्याचा फोटो, तळ्यात चर्च, चर्चवर ढग, आणि हे वाटेतल्या शिक्क्याचं एक अक्षर नाही. लोक व्हिएन्नाच्या विमानतळावर बसून राहायचे आणि तिथून फोन मला. तिकीट माझ्याकडून घेतलेलं नसलं तरी मलाच. चंद्रपूरचा नंबर तेवढा त्यांना पाठ.

गिऱ्हाइकांबद्दलही बोलून घेते. राजुऱ्याचे एक रिटायर हेडमास्तर जूनमध्ये गेले आणि भांडत आले, "बरफ नव्हता." मी म्हटलं, गुरुजी, जूनमध्ये आपल्याकडं तरी संक्रांत असते काय? माजरीच्या खाणीतले एक इंजिनियर, त्यांच्या घरच्यांनी लोणच्याची बरणी सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत ठेवली. मी तीनदा सांगितलं होतं, बरणी फुटते. फुटली. दोष कोणाचा, तर आपाचा, कारण आपानं चौथ्यांदा सांगितलं नाही.

पण मला खरा राग येतो तो जोड्यांचा. तिथले लोक घरात शिरताना दारातच जोडे काढतात. पाहुण्यासाठी कापडी सपाता ठेवलेल्या असतात, त्या घालायच्या. आपल्यासारखंच. तर आपली माणसं, जन्मभर ओट्याखाली चप्पल काढणारी, तिथं बूट घालून थेट लोकांच्या गालिच्यावर. का, तर परदेश आहे. अरे, परदेशातही माणसंच राहतात ना? रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच खायचं आणून ठेवा. नळाचं पाणी खुशाल प्या, बाटलीची गरज नाही. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला 'दोबेर दान' म्हणा, म्हणजे नमस्कार. तो तुमच्याकडं बघून 'दोबेर दान' म्हणेल. आपल्या एसटीत कंडक्टरला कोणी कधी नमस्कार केला आहे काय? मीही नाही केला.

आता जंगल. अर्ध्याहून जास्त देश जंगलच आहे, आणि त्या जंगलात कोणीही जाऊ शकतो. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो, म्हणून आता गोष्टच सांगते.

तिथं दक्षिणेकडं एक गाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या लाकडाचे चमचे, चाळण्या आणि टोपल्या करणारं. तिथल्या लोकांनी आपल्याकडच्या टोपल्या विणणाऱ्यांना त्यांच्या जत्रेला बोलावलं. पत्र आलं एका सरकारी खात्यात. खात्याचं नाव लिहीत नाही, सोबत आलेल्या साहेबांचंही नाही. पेन्शन घेऊन राह्यले, घेऊ द्या. एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावांतले पाच जण निवडले, दोन बाया, तीन पुरुष. बायांसोबत बाईमाणूस पाहिजे असं यजमानांनी कळवलं होतं, आणि खात्यात विमानात बसलेलं कोणी नव्हतं. मीही बसले नव्हते, पण तिकिटं माझ्याकडून जाणार होती, म्हणून मी.

त्या दोघींतली एक सोमरीबाई. चाळिशीची असेल. बांबू सोलायची तिची सुरी तिच्या सासूची, मूठ झिजून तिच्या हाताच्या आकाराची झालेली. पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा मी तिथंच होते.

"तुले पासपोर्ट कायले पाहिजे?" पोलीस म्हणाला.

"जाले."

"कुठी जाले?"

"जिथी बोलावलं तिथी. तुमाले बोलावलं असतं त तुमी गेले असते."

तिचा नवरा चिन्नाभाऊ मागं उभा होता, तो घाबरून तिला गप करत होता. पोलिसानं त्यालाच दटावलं, "बायकोले सांभाळ." ते दिवस तसेच होते. त्या भागातलं माणूस दोन दिवस दिसलं नाही की पोलीस विचारायचे, आत गेला काय? आत म्हणजे बंदूकवाल्यांकडं. आणि बंदूकवाले विचारायचे, पोलिसाकडं गेला काय? गावातून नाहीसं होणं हा तिथं गुन्हाच होता, आणि त्याची शिक्षा मागं राहिलेल्याला व्हायची. हे ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

मुंबईच्या विमानतळावर साहेबांनी पाचही जणांचे पासपोर्ट गोळा करून आपल्या काळ्या हँडबॅगेत टाकले. "हरवतील हे लोक." मी म्हटलं, साहेब, ज्याचा पासपोर्ट त्याच्याजवळ असावा, नियम आहे. ते म्हणाले, "आपा, तुम्ही तिकिटाचं बघा." विमानात त्यांनी पाच जणांना शिकवण दिली. तिकडं थुंकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, उगाच हसायचं नाही. आणि उतरलो त्या घरी दुसऱ्याच दिवशी घरमालकीण मारिया मला बाजूला घेऊन हळूच विचारते, तुमच्यात कोणी आजारी आहे काय? बेसिनमध्ये तपकिरी काहीतरी पडलेलं असतं. तो साहेबांचा खर्रा होता, तंबाखू-सुपारीचा. घरून पुड्या बांधून आणला होता. बेसिन मी घासलं. सोमरीबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आपा, हे आमाले सांगून राह्यले होते ना, थुकू नका?"

"हो."

"मंग बराबर आहे. सोतासाठी जागा ठेवली त्यायनं."

जत्रा चांगली झाली. ते आता सांगत बसत नाही. लोक त्यांच्या हातांकडं तासन्‌तास बघत उभे राहायचे. तिथला एक म्हातारा टोपलीवाला आणि सोमरीबाई एका शब्दाची ओळख नसताना दिवसभर शेजारी बसून विणत होते. साहेब फोटोत मधे उभे राहत होते.

आमची परतीची बस दुपारची होती. आदल्या संध्याकाळी सोमरीबाई मला म्हणाली, "मारियाबाईनं इतके दिस खाऊ घातलं. रिकाम्या हातानं काऊन जाचं? मागच्या जंगलात सात्या दिसून राह्यल्या, देईन आणून." सात्या म्हणजे अळंबी. आपल्याकडं पावसाळ्यात बाया पहाटे जाऊन आणतात. तिथं तो मोसम पानगळीच्या तोंडावर असतो. मी म्हटलं, आण की. मारियाच सांगत होती, सगळं गाव जातं.

सकाळी न्याहारीला सोमरीबाई नव्हती. थोडा वेळ वाट पाहिली. मारिया म्हणाली, अळंबी भरपूर असेल तर वेळ लागतो, आम्हीही घरी यायचं विसरतो. पण साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी कुठंतरी ऐकलेलं होतं की मंडळं परदेशी जातात आणि त्यातली माणसं तिकडंच गायब होतात.

"पळाली," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

"साहेब, जंगलात गेली. सात्या आणाले."

"आपा, तुम्ही भोळ्या आहात." त्यांनी तिची पिशवी उघडायला लावली. आत तिचं सगळं होतं, दोन लुगडी, चादर, गावातल्या पोरांसाठी घेतलेली लाकडी शिट्टी. मी म्हटलं, पळणारी बाई शिट्टी ठेवून जाते काय? तर म्हणतात, "हे लोक बिनसामानाचेच पळतात." पासपोर्ट यांच्या बॅगेत, भाषा येत नाही, जवळ टोलार नाहीत, आणि बाई पळाली. कुठं पळाली, फ्रान्सला?

त्यांनी मारियाच्या ओसरीतला फोन उचलला आणि आपल्या खात्यात लावला. मी दोन हात अंतरावर उभी होते. शेवटचं वाक्य मी कानानं ऐकलं: "हो हो, पळाली असंच धरून चला. तिकडं ठाण्याला कळवून ठेवा, उद्या माझ्यावर यायला नको."

मी म्हटलं, साहेब, हे काय केलं तुम्ही? ठाण्याला कळवलं म्हणजे काय होतं तिच्या घरी, माहीत नाही काय तुम्हाला? ते म्हणाले, "प्रोसिजर आहे."

फोन ठेवून पाच मिनिटं झाली नसतील, दारात एक उंच गडी उभा. हिरवा कोट, हिरवी टोपी. तिथला फॉरेस्टवाला, यानेझ नावाचा. त्याच्या हातात सोमरीबाईची टोपली, टोपलीत अळंबी, आणि अळंबीवर आडवी ठेवलेली सुरी. तो मारियाशी त्यांच्या भाषेत बोलला, मारियानं मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. यानेझला जंगलात लुगडं नेसलेली बाई दिसली. त्यानं हात वर करून 'दोबेर दान' म्हटलं. तिनं टोपली खाली ठेवली, सुरी वर ठेवली, हात जोडले आणि धावत सुटली. त्यानं हाक मारली तर आणखी जोरात धावली. त्याला समजेना आपण काय केलं. त्याला फार ओशाळवाणं झालं होतं, असं मारिया म्हणाली.

मला समजलं. बाकीच्या चौघांनाही समजलं, त्यांनी माना खाली घातल्या. आपल्याकडं जंगलात गार्ड दिसला की बायांची रीत ठरलेली आहे. डोक्यावरचं ओझं खाली ठेवायचं, मग ते सरपण असो की बांबू. हत्यार त्यावर ठेवायचं, दिसेल असं. आणि पळायचं. गार्डाला विळा, कुऱ्हाड, सुरी मिळाली की तो मागं येत नाही, त्याचं काम झालेलं असतं. हत्यार गेलं, अंग वाचलं. आया लेकींना हे शिकवतात, जसं आपण पोरींना रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवतो. आणि सोमरीबाई आपली सगळ्यात मोलाची वस्तू देऊन पळाली होती.

मी मारियाला म्हटलं, याला सांग, कोट आणि टोपी इथंच काढून ठेव. त्यानं एक शब्द विचारला नाही. कुंपणावर कोट टांगला, टोपी टांगली, आणि स्वेटरवर निघाला, गारठ्यात. आम्ही सगळे गेलो. साहेब सोडून. साहेब फोनाजवळ बसले होते, खात्याचा उलट फोन येईल म्हणून.

मी मराठीत हाका मारल्या, कोणी ओ देईना. मग आमच्यातल्या दुसऱ्या बाईनं गोंडीत हाक दिली, लांब, चढत जाणारी, जशी डोंगरावरून डोंगरावर देतात. दोन उतार ओलांडल्यावर एका चुनखडीच्या कपारीतून सोमरीबाई बाहेर आली. पाय ओरबाडलेले, लुगड्याला पानं चिकटलेली. मला पाहून पहिलं काय बोलली?

"आपा, सुरी गेली."

यानेझ मागं उभा राहिला होता, लांबच. तिथंच जमिनीवर बसला, टोपली आपल्यापुढं ठेवली आणि सुरी उचलून मूठ तिच्याकडं करून धरली. ती घेईना. माझ्याकडं पाहत राहिली.

"दंड किती मांगते?"

"काही नाही मागत."

"मंग वापस काऊन देते?"

हे मी मारियाला सांगितलं, मारियानं त्याला. तो म्हणाला, कारण ती तुमची आहे.

तिनं सुरी घेतली, पदरात गुंडाळली, आणि मग विचारायला लागली. मी मधे, मारिया मधे, दोन-दोन भाषांतून प्रश्न जात होते. सात्या नेता येतात? येतात, घरी खाण्यापुरत्या, प्रत्येकाला ठरलेल्या वजनापर्यंत. सुरी चालते? चालते. टोपली? टोपलीच पाहिजे, प्लास्टिकच्या पिशवीत नेल्या तर मात्र दंड. आणि हे जंगल कोणाचं? यानेझनं खाली एका घराकडं बोट दाखवलं, तिथं राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचं, त्याच्या मालकीचं.

"त्याच्या मालकीचं? त्यानं नाई रोखलं मले?"

रोखता येत नाही, यानेझ म्हणाला. कायदा आहे. मालकाचं असलं तरी चालायला आणि थोडं वेचायला जंगल सगळ्यांना मोकळं आहे.

उतरताना वाटेत सोमरीबाई मला म्हणाली, "आपा, हे गावात सांगजो नको. मले खोटारडी म्हणतीन."

माझ्या डोक्यात तेव्हापासून जो जाळ पेटला आहे तो विझलेला नाही. आमचे लोक जंगलाचे मूळचे. पिढ्यांपासून तिथंच जन्मले, तिथंच पुरले गेले. त्यांना काडी उचलली तर चोर म्हणायचं. आणि तिकडं परक्या देशातून आलेल्या बाईच्या मागं सरकारी माणूस कशाला धावतो, तर तिची टोपली द्यायला. नंतर इकडंही कायदे झाले म्हणतात, हक्क दिले म्हणतात. दिले असतील. विळे अजून जातात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

घरी आलो तर साहेब दारात. सोमरीबाई दिसल्यावर माणसाला वाटावं, बरं झालं, सापडली. यांच्या तोंडून निघालं, "माझी इज्जत घालवली. जंगली ते जंगलीच." मारियाला मराठी येत नव्हती, पण तिनं सोमरीबाईचा हात धरून तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

मी ओसरीवरची काळी हँडबॅग उचलली. साहेब म्हणाले, "आपा, हात लावू नका." मी चेन उघडली, पाच पासपोर्ट काढले, ज्याचा त्याच्या हातात दिला.

"मी रिपोर्ट करीन तुमचा."

"करा. आधी फोन करा. बाई सापडली म्हणून."

"लाइन लागत नाही. लुब्लियानाला गेल्यावर करतो."

लुब्लियाना म्हणजे त्यांची राजधानी, बस तिथं बदलायची होती. तिथं मी विचारलं. म्हणाले, व्हिएन्नाहून करतो, इथं वेळ नाही. व्हिएन्नाला विचारलं. म्हणाले, "झाला, झाला फोन, किती मागं लागता?" माझ्याजवळ फोनचं कार्ड होतं, पण खात्याचा नंबर त्यांच्या डायरीत होता, आणि सोमरीबाईच्या गावात फोन कुठला. मी मानलं. ते मानलं त्याची चुटपुट अजून आहे. पुढं याच साहेबांनी एका सभागृहात स्लोव्हेनियावर भाषण दिलं, पडद्यावर चित्रं दाखवली, तळ्याचं, चर्चचं, ढगाचं. मला निमंत्रण होतं. मी गेले नाही, कारण गेले असते तर बोलले असते आणि माझं दुकान बंद पडलं असतं.

चंद्रपूरला साहेब उतरले, मी उतरले, बाकीची पाच जणं जीपनं पुढं गेली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून झाडत होते तर फोन वाजला. एटापल्लीच्या एसटीडी बूथवरून सोमरीबाई. तिनं आयुष्यात पहिल्यांदा फोन केला होता, त्यामुळे ती ओरडून बोलत होती.

"आपा, घरवाला ठाण्यात हाय. मी पळाली म्हणून."

फोन झालाच नव्हता. 'सापडली' हा एक शब्द त्या माणसाला तीन देशांतून सांगता आला नाही.

मी मिळेल त्या एसटीनं निघाले. सोमरीबाई स्टँडवर उभी होती, पासपोर्ट कमरेला खोचलेला. आदल्या दिवशी ती गावात पोचली तेव्हा सासू रडत होती, पोरं शेजाऱ्याकडं. चिन्नाभाऊला नेऊन दोन-तीन दिवस झाले होते. विचारपूस एकच: बायकोला बाहेरदेशी कोणी पळवलं, आतल्यांचा हात आहे काय, तू कोणाकोणाला भेटतोस.

ठाणं कोणतं ते लिहीत नाही. ठाणेदार तरुण होता, बोलायला नरम. मला खुर्ची दिली. सोमरीबाई उभीच. मी उठून तिला बसवलं, मी उभी राहिले. त्याला ते आवडलं नाही, पण माझे केस पांढरे होते. मी सगळं सांगितलं, जत्रा, जंगल, फोन, न झालेला फोन. सोमरीबाईनं पासपोर्ट टेबलावर ठेवला.

"ही मी," ती म्हणाली. "आली."

ठाणेदारानं पानं उलटली. जाण्याचा शिक्का, येण्याचा शिक्का. फोटो पाहिला, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा फोटो. त्याचीही पंचाईत झाली असावी. कारण चूक कोणाची हे आता स्पष्ट होतं आणि ती लिहायची कुठं हे त्याला कळत नव्हतं.

"साहेबांनी सांगितलं म्हणून आम्ही केलं," तो म्हणाला. "आम्हाला काय माहीत?" मग मला सोडून तिच्याशी बोलला, तिच्या बोलीत. "पण बाई, तू तिकडं पळालीच काऊन? कोणी मारलं काय? कोणी धरलं काय?"

"नाई."

"मंग?"

सोमरीबाईनं त्याच्या वर्दीकडं पाहिलं, टोपीपासून पट्ट्यापर्यंत.

"असाच कपडा दिसला," ती म्हणाली.

दाराशी उभा असलेला शिपाई बाहेर पाहायला लागला. मग ठाणेदारानं आत आवाज दिला आणि चिन्नाभाऊ बाहेर आला. त्याच्या हातात झाडू होता, कोणी तरी तो काढून घेतला. तो तिच्याकडं पाहत होता आणि जवळ येत नव्हता, जणू ती खरीच परत आलेली नव्हती.

बाहेर चिंचेखाली आल्यावर मी त्याला विचारलं, मारलं काय? नाही म्हणाला. नुसतं बसवून ठेवलं, आंगण झाडायला लावलं, भाकर दिली. सोमरीबाई त्याच्यापुढं उभी राहिली.

"बनियन वर कर," ती म्हणाली.

"काही नाई झालं."

"वर कर."

त्यानं बनियनचा काठ दोन्ही हातांनी खाली ओढून धरला, आणि आम्ही गावाकडं जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभे राहिलो. गाडी येईपर्यंत त्यानं हात सोडले नाहीत.